वीतभर फिल्म

आधी खिशातला मोबाईल काढा आणि इथेच, मिरजोळ्यात, ठेवून द्या. जाणार आहोत तिथे रेंज नाही हा भाग सोडा. तो कुणाच्या नजरेला पडला तर मोठीच पंचाईत. कॅमेरा, माईक, दिवा, कात्री आणि झालेलं गाणं गावोगाव पोचवायची सोय, एवढ्यासाठी तिथली माणसं रात्रंदिवस राबताहेत. ते सगळं तुमच्या तळहातावर बघून कुणाला भोवळ आली तर निस्तरणार कोण?

वाडीतली पोरं गाण्यांचे व्हिडिओ काढतात ते तुम्ही पाहिलेत. कातळावर, खाडीकाठी, भर पावसात. नाचणाऱ्यांचे कपडे एकसारखे, डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर ड्रोन, आणि ढोलकीच्या थापेथापेला चित्र बदललेलं. बघायला मजा येते. पण गाणं नुसतं ऐकवायचं नसतं, ते दाखवायचंही असतं, आणि कसं दाखवलं यावर त्याचा अर्थ फिरतो. आपल्याकडे हे कुणी कसं शोधलं ते बघायचं तर अंग मोडून प्रवास करावा लागेल. धोतर नेसा, बायकांनी लुगडं. पांढरं मात्र नको. का ते पुण्यात कळेल.

झालं? मग बघा, विमानतळ गेला. एमआयडीसी गेली, तिच्या शेड गेल्या, ट्रक गेले. उरला तो काळा-तांबडा कातळ, काजूची झाडं, करवंदीच्या जाळ्या आणि टाचा पोळणारी लाल वाट. 1931 साल सरत आलंय. एसटी यायची आहे 1948 साली, तेव्हा तिची वाट बघू नका. हातखंब्याकडे एक सर्व्हिस मोटार धापा टाकत निघालीय. चढा. जागा नाही असं तिथे कुणी म्हणत नाही. तुमच्या मांडीवर कुणाचं तरी पोर येतं, पायाशी तांदळाचं गाठोडं, मानेशी कोंबडीची चोच. पाली, साखरपा, मग आंबा घाट. घाटात इंजिन उकळतं, ड्रायव्हर शिव्या घालत उतरतो आणि झऱ्याचं पाणी डब्याने आत ओततो. पेट्रोल, ओकारी, विडी आणि ओल्या रानाचा वास एकमेकांत मिसळलेला. मलकापूर येईपर्यंत तुमच्या धोतरावर, भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर लाल धूळ बसलेली असते. ती झटकू नका. तिचंही काम आहे.

कोल्हापूर. तालमीची माती, गुऱ्हाळाकडून येणारा गोड धूर, आणि एका मोठ्या आवाराच्या दाराशी सरस, ओलं प्लास्टर आणि ताज्या रंगाचा वास. ही प्रभात फिल्म कंपनी. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी या पाच जणांनी 1929 साली काढलेली. आत अयोध्या उभी आहे, लाकूड आणि तरटाची. खांबाला टेकू नका, तो पोकळ आहे.

‘अयोध्येचा राजा’चं काम चाललंय. बोलपट. मराठी चित्रपट पहिल्यांदाच तोंड उघडतोय. दारं बंद होतात, पंखे बंद होतात, आणि तुमच्या कपाळावरून घामाची धार नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबते. ती पुसायला हात उचललात तर शेजारचा दटावतो.

“पावणं, हलू नगा! गानं चाललंय.”

गाणं खरोखर चाललंय. गोविंदराव टेंबे राजा हरिश्चंद्राच्या पोशाखात उभे राहून गाताहेत. चालीही त्यांच्याच. ओठ हलवायचे आणि आवाज मागाहून जोडायचा, ही सोय अजून आलेली नाही. चौकटीच्या जरा बाहेर, तुमच्या पायाशी, साजिंदे अंग चोरून बसलेत. तबलजीचा गुडघा राजाच्या महालात दिसता कामा नये. वर माईक टांगलाय. कॅमेऱ्याची घरघर त्यात शिरू नये म्हणून त्यालाही गुंडाळून ठेवलंय. कडवं संपत आलेलं असतं आणि छपरावर एक कावळा ओरडतो. सगळं पुन्हा पहिल्यापासून. मराठीचं जमलं की हेच सारं हिंदीत, कारण चित्रपट दोन्ही भाषांत निघतोय.

उकाड्यात उभ्याउभ्या तुमच्या लक्षात येतं की राजा जागचा हलतच नाही. हलणार कसा? माईकपासून दोन पावलं गेला की आवाज बुडाला. तो हलत नाही म्हणून कॅमेरा हलत नाही. म्हणून पडद्यावर दिसतो तो रंगमंचावरचा राजा. गाणं उत्तम, गळा उत्तम, पण तुम्ही जिथे आहात तिथेच, आठव्या रांगेतल्या खुर्चीवर. याच मंडळींनी मूकपट ‘चंद्रसेना’त ट्रॉली वापरून कॅमेरा पळवला होता. बोलायला लागल्याबरोबर त्याचे पाय बांधले गेले. पुढची काही वर्षं गेली ती दोऱ्या सोडवण्यात. 1935 साली कलकत्त्यात ‘धूप छाँव’च्या वेळी गाणं आधी मुद्रित करून नंतर चित्र घेण्याची युक्ती वापरली गेली आणि हळूहळू ती सगळीकडे रुळली.

पुण्याची गाडी पकडू. मीटर गेज. खिडकीत बसाल तर डोळ्यांत कोळसा, आत बसाल तर कुणाच्या तरी बटाट्याच्या भाजीचा डबा. कंपनी 1933 साली पुण्याला आली. एरंडवण्यात, गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी. प्रभात रोड हे नाव पुढे पडलं ते हिच्यावरूनच. सकाळी सायकलींची रांग आत शिरते. तुम्हीही शिरा, पण थेट सेटवर नको. आधी रंगपटात.

1937 साल, ‘कुंकू’ चाललाय. आरशाभोवती दिवे, टेबलावर ग्रीजपेंटचे डबे, स्पिरिट गम, खोबरेल तेल आणि पावडर. समोर बसा. तुमच्या गालांवर पिवळट-तपकिरी लेप चढतो, ओठांवर चॉकलेटी रंग. आरशात कावीळ झालेला माणूस दिसतो. घाबरू नका, फिल्मला रंग कळत नाहीत, तिला उजेड आणि काळोख कळतो. तुमचे खरे ओठ दिव्यांखाली फिकट पडले असते, तुमची खरी कातडी डागाळली असती. पांढरं लुगडं नेसून आलेल्या बाईला परत पाठवलं जातं, कारण दिव्यांत पांढरं इतकं पेटतं की तिचं तोंडच दिसेनासं होतं. पडद्यावर जे पांढरंशुभ्र दिसतं ते सेटवर बहुधा फिकट पिवळं किंवा मळकं असतं. आणि तुमच्या अंगावरची ती घाटातली लाल धूळ? ती फिल्मवर नुसता मळ दिसेल. शेतकरी म्हणून उभं करायला उत्तम.

आता चित्रपटाचं नाव आठवा. ‘कुंकू’. महाराष्ट्रात कुंकवाचा रंग कुणाला सांगावा लागत नाही. पण या सबंध चित्रपटात लाल रंगाचा एक ठिपकाही नाही. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या नीरेच्या, म्हणजे शांता आपट्यांच्या, कपाळावर जे आहे ते फिल्मवर काळसर करडं उमटतं. तरी थिएटरातल्या बायकांना ते लालच दिसलं. वेशभूषेचं काम हेच. ती अर्धं दाखवते, उरलेलं प्रेक्षक घरून घेऊन येतो. याच चित्रपटात कंपनीने पार्श्वसंगीत काढून टाकलं. जे ऐकू येईल ते दृश्यातल्याच कशाचं तरी. नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते तेव्हा मागून कुठूनतरी पन्नास व्हायोलिनं येत नाहीत. शांता आपटे गाताना डोळे, मान, हात सगळं वापरतात. टेंब्यांच्या स्तब्ध राजानंतर हे बघताना अंगात वारं शिरल्यासारखं वाटतं. (दोन वर्षांनी, जुलै 1939मध्ये, याच शांताबाई कंपनीशी बिनसल्यावर स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसलेल्या दिसतील. तेव्हा जपून आत जा. त्यांच्या नजरेला नजर देणं सोपं नाही.)

1939. आतल्या मोठ्या स्टेजवर एक गल्ली बांधलीय. बदनाम वस्तीतली. ‘माणूस’मधली मैना तिथे राहते आणि गणपत नावाचा पोलीस शिपाई तिच्यात गुंततो. शाहू मोडक शिपाई, शांता हुबळीकर मैना. आज तिच्या गाण्याचं काम आहे असं धरून चला. तिच्यापुढे देशाच्या नाना प्रांतांतली गिऱ्हाइकं बसलीयत आणि उद्याची फिकीर कशाला करायची असं ती त्यांना गाऊन सांगतेय. अनंत काणेकरांचे शब्द, मास्तर कृष्णरावांची चाल. दर कडव्याला भाषा बदलते. हे गाणं इतकं चिकटलं की पुढे शांता हुबळीकरांनी आत्मचरित्राला नाव दिलं तेही त्यावरूनच.

तुम्हाला गिऱ्हाइकांत बसवलंय. फेटा घट्ट बांधलाय, कानाच्या वर ठणकतंय. वरच्या फळ्यांवर दिवेवाले उघड्या अंगाने बसलेत आणि दिवे पेटले की चुलीचं तोंड उघडल्यासारखी धग खाली येते. दिव्याच्या काचेवरची धूळ करपते, तिचा वास. विड्याच्या पानाचा, अत्तराचा, तिसऱ्यांदा घाम फुटलेल्या माणसांचा वास. गजरे खरे आहेत, म्हणून तासाभरात मान टाकतात आणि नवे येतात. एक पोऱ्या टेप घेऊन तुमच्या नाकापासून भिंगापर्यंतचं अंतर मोजतो. “अहो, आता असेच राहा. वीतभर पुढे झुकलात तर धुरकट दिसाल.” तुम्ही श्वाससुद्धा मागे घेता.

पहिल्यांदा कॅमेरा तुमच्या पाठीशी. तिथून मैना दिसते ती तुमच्यासारख्यांच्या खांद्यांमधून, फेट्यांमधून. म्हणजे उद्या थिएटरात जो बसेल तोही गिऱ्हाईकच झाला. पैसे टाकून आलाय, मजा बघतोय. मग ट्रॉली फिरवून कॅमेरा तिच्या जवळ आणतात. तुम्ही सगळे चौकटीबाहेर. आता तुमच्यातला कुणी दिसत नाही, फक्त तिचा चेहरा. गाणं तेच, ओळ तीच, हसू तेच. पण एवढ्या जवळून ते हसू कामावरचं आहे हे कळतं. शब्द म्हणतात, कसली चिंता? चेहरा म्हणतो, हिच्याकडे उद्या नावाची वस्तूच नाही. कॅमेरा सहा पावलं चालला आणि मजेच्या गाण्याचं दुखणं झालं. शब्द लिहिणाऱ्याने एक अक्षर बदललं नाही.

आणि त्या भाषा! प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेतलं कडवं मिळतं आणि तो खूश होतो. ऐकताना ही गंमत वाटते. बघताना उमजतं की बाईची जीभसुद्धा विकाऊ आहे, समोरचा बसेल तशी ती वळते. शांताबाई मूळच्या हुबळीकडच्या, घरची भाषा कानडी. मराठी पडद्यावर त्या नाना भाषांत गाताहेत, हे मला फार नेमकं वाटतं.

जेवणाची सुट्टी झाली की सेटच्या दुसऱ्या टोकाला जरूर डोकवा. या चित्रपटात एक लबाडी आहे. गणपत आणि मैना फिरता फिरता एका सिनेमाच्या चित्रीकरणावर येऊन धडकतात. तिथे नायक-नायिका लाडिक प्रेमगीत गाताहेत, बॉम्बे टॉकीजच्या थाटात. शांतारामबापूंनी दुसऱ्या कंपनीला काढलेला हा जाहीर चिमटा. पण मला त्यात चिमट्याहून मोठी गोष्ट दिसते. गाण्याचं चित्र हे बनवलेलं असतं, त्यामागे माणसं घामाघूम उभी असतात, हे त्याच चित्रपटाने प्रेक्षकाला उघड दाखवून टाकलं. आणि एवढं दाखवूनही मैनेच्या गाण्यावर तुमचा विश्वास बसतोच.

खरी जागा मात्र अजून बघायची आहे. इथे दिवे नाहीत, गर्दी नाही. कात्री चालते ती खोली. विडी बाहेर टाका, काडेपेटीसुद्धा. इथली फिल्म नायट्रेटची, एकदा पेटली की पाण्यालाही जुमानत नाही. थट्टा नाही ही: 2003 साली पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठारालाच आग लागली आणि हजारो रिळं गेली, प्रभातचीही. आत फिल्म जोडायच्या सिमेंटचा वास नाकात चढतो, पिकलेल्या केळ्याच्या जवळ जाणारा. भिंतीवर खिळे, खिळ्यांना लोंबणाऱ्या पट्ट्या. एकेक पट्टी म्हणजे एकेक शॉट. ही तुमची पाठ, हा तुमचा फेटा, हा तिचा चेहरा.

पट्टी हातात घ्या. कडेने धरा, मध्ये बोट लावू नका. आता मोजा. एक चौकट पाऊण इंचाची, म्हणजे तुमच्या एका बोटाची रुंदी. बारा चौकटी म्हणजे वीत. चोवीस म्हणजे एक हात. आणि बोलपटात सेकंदाला चौकटी जातात चोवीसच. म्हणजे कोपरापासून मधल्या बोटापर्यंतची फिल्म हा एक सेकंद, आणि वीत हा अर्धा. बाजारात कापड मोजायची आजीची मापं इथे वेळ मोजतात. तीन मिनिटांचं गाणं भरतं 270 फूट.

संकलक मैनेच्या चेहऱ्याची पट्टी यंत्रातून पुढेमागे करतो. कडव्याची शेवटची ओळ संपते, तिथे खूण. इथे कापलं तर गाणं तालावर संपतं, पुढचं गिऱ्हाईक दिसतं, सगळं चकाचक. तो थांबतो. वीतभर पुढे सरकतो. या वीतभरात मैना काहीच करत नाही, गात नाही, हसत नाही, नुसती आहे. तिथे कात्री लावतो. ब्लेडने थर खरवडतो, सिमेंटचा थेंब, वर दाब. पुन्हा चालवून बघता तेव्हा तुमच्या पोटात काहीतरी हलतं. गाणं तेवढंच, आवाज तेवढाच, अर्धा सेकंद जास्त दिसलेलं एक थकलेलं तोंड. पट्टी मी तुमच्यासाठी रचलीय, पण कात्रीचं काम असंच चालतं आणि मापं खरी आहेत.

आता तुमच्याकडच्या व्हिडिओंबद्दल एक शब्द बोलतो, रागावू नका. भराभर कापणं हा गुन्हा नाही. नाचाला ते शोभतं. पण प्रत्येक थापेला कापलं की ढोलकी ऐकू येते तीच डोळ्यांनाही दिसते, दुसरं काही दिसत नाही. माहेरची आठवण काढणाऱ्या गाण्यातही जेव्हा वीतभर फिल्म कुणाच्या चेहऱ्यावर टिकत नाही, तेव्हा ते माहेर कुणाचं हेच कळत नाही. कात्री हातात आहे म्हणून चालवू नये, एवढंच.

पुण्याहून मुंबईला चला, आणि जाताना साल दोन वर्षं मागे घ्या. गिरगावातल्या चाळीत तुमच्या वाडीतले चाकरमानी भेटतील. एका खोलीत दहा वळकट्या, गॅलरीत वाळत घातलेले पंचे, खाली ट्रामची खणखण. “मिरजोळ्याचा काय रे तू? मग चल सेंट्रलला, तुकाराम बघून ये.” ‘संत तुकाराम’ तिथे 57 आठवडे चालला. आत शिरताच शेंगांची टरफलं पायाखाली चुरचुरतात, घामट सदऱ्यांची भिंत, पोरांची रडारड. मग अंधार, प्रभातची तुतारी, आणि विष्णुपंत पागनीस हातात वीणा घेऊन पडद्यावर येतात. एकेकाळी संगीत नाटकांत स्त्रीपार्टी म्हणून गाजलेला हा माणूस. तुमच्या शेजारचा म्हातारा सरळ हात जोडतो.

इथे कॅमेरा काही कसरत करत नाही. दामले-फत्तेलालांना ती नकोच होती. तुकोबा गातात, मग ऐकणारी माणसं दिसतात, मग पुन्हा तुकोबा. थोड्या वेळाने ध्यानात येतं, पडद्यावरचे ऐकणारे आणि खुर्च्यांवरचे ऐकणारे यांत फरकच उरलेला नाही. मधूनच गौरीबाईंची जिजाई फणकारते आणि सगळं थिएटर खदखदून हसतं, कारण ही बाई प्रत्येकाच्या घरी आहे.

बीजावरचा अभंग सुरू होतो. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी. “तुकोबाचं शब्द, लेका!” तो कुजबुजतो. तुम्हाला ठाऊक आहे, शब्द शांताराम आठवल्यांचे आहेत, चाल केशवराव भोळ्यांची. या चित्रपटासाठीच लिहिलेलं गाणं. पण पगडी, वीणा, तुळशीमाळ आणि पागनिसांचा तो चेहरा एकत्र आल्यावर तो अभंग गाथेतलाच वाटतो, आणि आजही कितीतरी लोक तो तुकाराममहाराजांचाच समजून म्हणतात. वेशभूषेने आणि चेहऱ्याने कवी बदलला! म्हाताऱ्याला खरं सांगायला तोंड उघडू नका. आठवलेही बहुधा कुणाला सांगायला धावले नसते. एका गीतकाराला यापरतं बक्षीस कुठलं?

पुढचं तुम्ही घरी बसून करायचं. ‘माणूस’ आजही बघायला मिळतो. मैनेचं गाणं लावा आणि पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करा. कॅमेरा कुठे उभा आहे, कोणाच्या खांद्यावरून बघतोय, कुठे कापलंय आणि कुठे कापलेलं नाही, एवढंच बघा. गाणं काय म्हणतंय ते कळेल. आवाज नंतर सोडा.